रामटेके काकांची खाज

मे महिन्यात रायपूरला ऊन असं पडतं की गच्चीवर वाळत घातलेला कपडा काढताना हाताला चटका बसतो. अशा उन्हात आमच्या समोरच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, एक माणूस रेनकोट घालून बसलेला असायचा. रेनकोटाची टोपी डोक्यावर, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, पायात गमबूट, डोळ्यांवर वेल्डिंगवाले लावतात तसला बंद चष्मा आणि नाकातोंडावर घट्ट बांधलेला गमछा. शेजारी एक तपकिरी कुत्रा. हा माणूस त्या कुत्र्याला कंगव्याने विंचरत असायचा. पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, नवीन आलेले भाडेकरू मला एकदा तरी विचारायचेच, की हे गृहस्थ कोण, आणि यांचं सगळं ठीक आहे ना.

हे आमचे रामटेके काका. मालगाडीचे गार्ड म्हणून आयुष्य काढून रिटायर झालेले, मूळ गाव भंडाऱ्याकडचं. काकांचं सगळं ठीक होतं. स्मरणशक्ती उत्तम, दात स्वतःचे, चाल अशी की सोबत निघालं तर आपल्याला धाप लागावी. फक्त त्यांची कातडी कुत्र्याच्या विरोधात होती आणि ते स्वतः कुत्र्याच्या बाजूने. या दोघांच्या मधे तो रेनकोट होता.

कुत्र्याची ॲलर्जी म्हणजे चार शिंका आणि डोळ्यांना पाणी, अशी माझी समजूत होती. काकांचा हात पाहिला आणि ती गेली. त्या दिवशी मी त्यांच्याकडे चहाला बसले होते. कुत्र्याची जीभ त्यांच्या उघड्या मनगटाला नुसती लागली. आधी काहीच नाही. मग जिथून जीभ फिरली तिथे कातडी गुलाबी झाली, मग लाल, आणि मग माझ्या डोळ्यांदेखत वर यायला लागली, आतून कोणी बोट लावून ढकलावी तशी. चहा निवायच्या आत मनगटापासून कोपरापर्यंत पित्ताच्या गांधी उठल्या होत्या. फुगलेल्या, मधे पांढऱ्या, कडेला लाल, एकीतून दुसरी फुटत गेलेली. मी कप हातात धरून बसून राहिले. माणसाच्या कातडीला एवढं सगळं येतं हे मला माहीत नव्हतं.

काकांनी तो हात खिडकीच्या उजेडात धरला आणि मला समजावून सांगायला लागले.

"हे पाहा ज्योती, हे दुर्ग. हा राजनांदगाव, हा डोंगरगड. आज गोंदियाच्या अगोदरच थांबली गाडी. काल नागपूरले गेली होती, पार खांद्यापर्यंत."

त्यांना हे गमतीचं वाटत नव्हतं. ज्या मार्गावर माणूस तीस-पस्तीस वर्षं जातो येतो, तो त्याला कुठेही दिसत असावा. खाज किती आहे हेही ते तसंच सांगत. 'आउटरवर उभी आहे' म्हणजे नुकती सुरू झाली. 'थ्रू निघाली' म्हणजे सहन होईना. पण सहन होईना म्हणतानाही त्यांचा दुसरा हात कधी त्या हाताकडे गेला नाही. खाजवलं की लाइन डबल होते, असं त्यांचं म्हणणं. मी डास चावला तर चारचौघांत पाय खाजवणारी बाई. हा माणूस आगीसारखी खाज अंगावर घेऊन मांडीवर दोन्ही तळवे उपडे ठेवून बसायचा आणि माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायचा. ती बारावीची मुलगी, घरी मराठीत बोललं तरी उत्तर हिंदीत देणारी, एकदा त्यांच्या हाताकडे पाहतच राहिली आणि हळूच म्हणाली, "मम्मी, अंकल को दर्द नहीं होता क्या?" काका म्हणाले, "होते ना, बेटा. पण त्याच्यात आपलं काय काम आहे?"

काकांबद्दल आणखी एक सांगायला हवं. हा माणूस खोटं बोलत नाही. तोंडदेखलंही नाही. लग्नात वधूपिता हात जोडून पंगतीत फिरत असतो, जेवण कसं आहे विचारतो, तेव्हा काका सांगतात की वांग्यात मीठ जास्त झालं. माझ्या भावाच्या वास्तूला आले तेव्हा सगळे घराची तारीफ करत होते आणि काका एका भिंतीला डोळा लावून उभे होते. शेवटी म्हणाले, "भिंत वाकडी आहे." भावाने दुसऱ्या दिवशी ओळंबा लावून पाहिला. वाकडी होती. तेव्हापासून तो काकांना घरी बोलावत नाही. गार्डाने जे पाहिलं तेच सांगायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की समोरच्याला बरं वाटावं म्हणूनही काही बोलता येतं हे त्यांच्या ध्यानातच येत नसे.

आता कुत्र्याचं. तो काकांचा नव्हताच. तो साहू अम्माचा.

साहू अम्मा काकांच्या भिंतीला भिंत लागून राहते. छत्तीसगढी बाई, नवरा गेलेला, मुलगा हैदराबादला नोकरीत. कुत्र्याच्या रंगावरून तिने त्याचं नाव भुरवा ठेवलं होतं. भुरवा दिवसभर दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवर नाहीतर काकांच्या फाटकासमोर पसरलेला असायचा. काका बाहेर पडले की शेपटी हलवत जाऊन त्यांच्या पायाला अंग घासायचा. लगेच काकांच्या पिंढऱ्यांवर गांधी.

यावरून काका आणि अम्मा वर्षानुवर्षं भांडले. काका फाटकातून ओरडून सांगायचे की अम्मा, याले बांधून ठेव, माह्या अंगाले त्रास होते. अम्मा आतूनच म्हणायची की कुत्र्याने कधी कोणाला खाज सुटते का, गार्ड बाबूला जनावर आवडत नाही म्हणून नाटक करतो. काका पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून तिच्या दारात जायचे आणि पुरावा दाखवायचे. अम्मा चष्मा लावून बघायची आणि सांगायची, "मच्छर काटे होही." ज्या माणसाने आयुष्यात खोटं सांगितलं नाही, त्याला भर गल्लीत नाटकी ठरवलेलं. काका घरी येऊन पाणी पीत नसत इतके चिडायचे. मला म्हणायचे, "तिनं एक दिवस फक्त म्हणावं, का हव गार्ड बाबू, तुझं खरं आहे. बाकी मले काही नको."

मग अम्मा न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. मुलगा आला, ऑपरेशन झालं, आणि तिला एकटी ठेवणं शक्य नव्हतं म्हणून तो तिला हैदराबादला घेऊन गेला. त्यांच्या इमारतीत कुत्रा चालत नव्हता. ओळखीने उरला या शहराबाहेरच्या कारखान्यांच्या भागातल्या एका गोदामवाल्याला त्याने भुरवा देऊन टाकला, राखण करायला. अम्माला गाडीत आडवं झोपवून नेत होते तेव्हा ती एकच विचारत होती, की भुरवा कुठे आहे. काका त्यांच्या फाटकात उभे होते. कुत्रा गेला, अम्मा गेली, आता काकांना शांती, असं सगळ्यांनाच वाटलं.

थोड्या दिवसांनी मी सकाळी ड्यूटीला निघाले तर अम्माच्या कुलूप लावलेल्या फाटकासमोर काहीतरी काळं पडलेलं. जवळ गेले तेव्हा त्याने मान उचलली. भुरवा होता. मी स्वतः उरल्याला एका रोलिंग मिलच्या ऑफिसात काम करते, तो रस्ता मला रोजचा आहे. एकामागे एक लोखंड भरलेले ट्रक, धूळ अशी की दुपारी दिवे लावून गाड्या चालतात, आणि मग शहरातली गर्दी. त्या रस्त्याने हे जनावर कोणाला न विचारता घरी आलं होतं. गळ्यात तुटलेला दोर, अंगभर मिलची काळी धूळ, पंजे फाटलेले. मला पाहून त्याने शेपटी एकदा हलवली आणि परत कुलपाकडे तोंड करून बसला.

गोदामवाल्याने येऊन एकदा नेला. भुरवा पुन्हा आला. मग गोदामवाल्याने नाद सोडला.

कोणी पोळी टाकली तरी तो खात नव्हता. लोक हळहळायचे आणि पुढे जायचे. काका त्यांच्या ओट्यावर खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसायचे. एक दिवस आत गेले, थाळीत वरणभात घेऊन आले आणि काठीने थाळी लांबूनच त्याच्यासमोर सरकवली. मी तिथेच होते. मला म्हणाले, "ड्यूटीवरच्या माणसाले जेवण तर भेटलंच पाहिजे ना." बहुतेक त्या थाळीमागे उभ्या असलेल्या माणसाला भुरवा ओळखत होता. वास घेतला आणि खाल्लं.

असं काठीच्या अंतरावरून चाललं असतं, पण पंज्याची जखम चिघळली आणि भुरवा तापाने पडून राहिला. त्याला उचलून जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. ऑटोवाला हात लावेना. काकांनी बाह्या वर केल्या आणि त्याला छातीशी धरून उचललं. परत आले तेव्हा भुरव्याच्या पायाला पट्टी होती आणि काका ओळखू येत नव्हते. डोळ्यांच्या सुजून फटी झालेल्या, मान, कान, पाठ, सगळं उठलेलं. "आज गाडी थेट मुंबईले गेली," एवढंच बोलले आणि थंड पाण्याच्या बादल्या अंगावर ओतत बसले. त्या संध्याकाळी भुरवा काकांच्या ओट्यावर झोपला. तिथून तो परत गेला नाही.

मग काकांनी हा प्रश्न रेल्वेच्या पद्धतीने सोडवायला घेतला. कातडीच्या डॉक्टरकडे गेले. मला सोबत नेलं, कारण डॉक्टर बाई भराभर बोलतात अशी त्यांची तक्रार होती. डॉक्टरांनी त्यांच्या हातावर निरनिराळ्या औषधांचे थेंब ओळीने टाकले आणि प्रत्येक थेंबात सुई टोचली. धूळ, झुरळ, परागकण, मांजर, असे एकेक. थोड्याच वेळात बाकीचे ठिपके तसेच राहिले आणि कुत्र्याचा एकटा जांभळाएवढा फुगला. डॉक्टरीण स्वतः वाकून पाहत होती. म्हणाली, इतकी स्पष्ट रिअॅक्शन क्वचित पाहायला मिळते. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय अभिमान होता! इतक्या वर्षांनी कोणीतरी लेखी द्यायला तयार होतं की हा माणूस नाटक करत नाही.

डॉक्टरीण म्हणाली, उपाय सोपा आहे, कुत्रा घरातून काढा. काकांनी शांतपणे विचारलं, "कुत्रा नाही हटत म्हणून समजा. मग?"

मग जे जे तिने सांगितलं ते सगळं काकांनी केलं. रोज गोळी. कुत्र्याला आठवड्याला आंघोळ. झोपायच्या खोलीत बंदी. हात लावला की साबणाने धुणं. केस घरात उडू नयेत म्हणून विंचरणं उघड्यावर. यातून तो रेनकोट आला. बाजारातले रेनकोट त्यांना पसंत पडले नाहीत, मानेपाशी फट राहते म्हणे. पंडरीच्या कापड बाजारातून जाड प्लास्टिकचं कापड आणलं आणि शिंप्याला अंगावर माप द्यायला उभे राहिले. शिंपी चक्रावला. काकांनी त्याला सांगितलं की हे पाण्यासाठी नाही, कुत्र्यासाठी आहे. शिंप्याने कुत्र्याचं माप कुठे आहे म्हणून विचारलं. हा गोंधळ निस्तरायला बराच वेळ गेला.

गोळीने झोप यायची. जो गार्ड चालत्या मालगाडीच्या शेवटच्या डब्यात अख्खी रात्र डोळे उघडे ठेवून बसायचा, तो सकाळी पेपर वाचता वाचता घोरायला लागला. रेनकोटात घामाने वेगळीच घामोळी आली. काका तक्रार करत नव्हते. मला मात्र रोज वाटायचं की कशासाठी? कुत्रा आवडतो म्हणावं तर ते त्याला कधी लाडाने हाक मारत नव्हते. "चल", "बस", "हट", याच्यापलीकडे मी काही ऐकलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी काकांच्या फाटकाची कडी जोरजोरात वाजली. मी धावले. काका उभे होते, ओठ टेनिसच्या चेंडूसारखे सुजलेले, आवाज घोगरा, श्वास ओढून घेत होते. दाढी करताना गाल कापला होता आणि नेमका तिथेच भुरव्याने चाटलं होतं. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टरने बाहेर येऊन मलाच झापलं, की कातडीपर्यंत होतं तोवर ठीक, आता घसा सुजला आहे, पुढच्या वेळी वेळ मिळाला नाही तर काय कराल?

पाऱ्यातल्या लोकांनी ठरवून टाकलं. कुत्रा जायला पाहिजे. माझ्या मिलमधल्या एका वॉचमनने भुरव्याला घ्यायची तयारी दाखवली, चांगला माणूस, शेतात घर. काकांना सांगायचं काम माझ्यावर आलं. काका दवाखान्यातून घरी आल्यावर संध्याकाळी मी गेले. मनात सगळं जुळवून गेले होते.

दार उघडं होतं. आतून बोलण्याचा आवाज आला म्हणून मी उंबऱ्याशीच थांबले.

काका खुर्चीवर बसले होते. रेनकोट नाही, मोजे नाहीत, गमछा नाही. नीट भांग पाडलेला, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट. समोर टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला आणि त्यात साहू अम्मा. किती वाळली होती ती. पलंगाच्या काठावर बसलेली, समोर चालायला धरतात तो लोखंडी वॉकर.

"भुरवा कहाँ हे?" ती विचारत होती.

"पहले खिड़की तक," काका म्हणाले. "फिर दिखाऊँगा."

अम्माने कुरकुर केली, की आज पाय दुखतोय, सून सकाळीच चालवून गेली, गार्ड बाबू मेला नुसता जुलमी आहे. काका ढिम्म. भुरवा त्यांच्या पायाशी बसून आवाजाच्या दिशेने कान टवकारत होता, पण मोबाइलमध्ये दिसत नव्हता. शेवटी अम्मा उठली. वॉकर पुढे टाकला, पाय ओढला, पुन्हा टाकला. काका जागेवरून किंचित उठून पाहत होते, गाडी स्टेशन सोडताना गार्ड बघतो तसे. ती खिडकीपाशी पोचली, गजाला धरून उभी राहिली आणि धापा टाकत वळली.

तेव्हा काकांनी वाकून भुरव्याला दोन्ही उघड्या हातांनी उचललं आणि मांडीवर घेतलं.

"भुरवा! ए मोर भुरवा!" अम्मा तिकडून ओरडली. कुत्रा वेडा झाला. मोबाइल चाटला, टेबल चाटलं, काकांचे हात कोपरापर्यंत चाटले. काकांनी तोंड तेवढं एका बाजूला वळवून धरलं होतं. मी पाहत होते. मनगट गुलाबी झालं, लाल झालं, उठायला लागलं. अम्माला फक्त कुत्रा आणि काकांचा हसरा चेहरा दिसत होता. हात टेबलाखाली होते.

बोलणं संपत आलं तेव्हा अम्माने विचारलं, "गार्ड बाबू, खुजली तो नहीं होती न?"

"कैसी खुजली, अम्मा," काका म्हणाले. "बताया तो था। वो तो मैं झूठ बोलता था।"

अम्मा खूश होऊन हसली. मी तर आधीच म्हणत होते, नाटक आहे, असं काहीतरी म्हणाली आणि फोन बंद झाला.

काका उठले, मोरीत गेले, साबणाने हात धुतले, गोळी घेतली आणि बाहेर आले तेव्हा मी दिसले. माझ्या तोंडून वॉचमनचा विषय निघणं शक्यच नव्हतं. मी विचारलं, "काका, खोटं काहून बोललात?"

ते खुर्चीवर बसले. तळवे मांडीवर उपडे ठेवले.

"ऑपरेशन झाल्यावर ती पलंगावरून उतरतच नव्हती," ते म्हणाले. "जेवत नव्हती. पोट्ट्याचा मले फोन आला, का आई भुरव्याचं नाव घेऊन राहिली, एकदा दाखवा. मी दाखवला. तर तिनं मले काय विचारलं माहीत आहे? म्हणे, भैया, आज सच बोलो. तुमको सच में तकलीफ होती थी क्या? होती होगी तो भुरवा को कहीं और दे दो, मैं कुछ नहीं बोलूँगी. रडून राहिली होती."

काकांनी टेबलावरचा मोबाइल उचलून शर्टाच्या खिशात ठेवला.

"इतके वर्षं मी तिच्या मागे लागलो, का बाई, माझं खरं मान. त्या दिवशी ती मानाले तयार होती." त्यांनी हाताकडे पाहिलं. "मी म्हटलं, नाही. म्हटलं, नाटक होतं."

मी विचारलं की फोन रोजचा दिसतोय, मग उघड्या हातांनी कशाला, रेनकोटात घेतलं तर नाही का चालणार?

"रेनकोट पाहून ती समजणार नाही का?" ते म्हणाले. मग दुसरीकडे पाहत, "मालगाडीच्या गार्डाचं कसं राहते, ज्योती, घरी कधी येईल सांगता येत नाही. तुझी काकू दारात पिढा टाकून बसे. आली गाडी तर आली. ती गेल्यावर कोणाच्या दारात असं कोणी बसलेलं मी पाह्यलं नव्हतं. हा बसला."

मी घरी आले आणि वॉचमनला नाही म्हणून कळवलं. पाऱ्यातल्या लोकांना काय सांगायचं ते सुचेना, म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली आहे असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी काकांना ओढतच त्या डॉक्टरणीकडे नेलं. तिने ऐकून घेतलं, गोळ्या बदलल्या, घरात ठेवायला एक इंजेक्शन दिलं, मला ते टोचायला शिकवलं आणि बजावलं, की कुत्रा तोंडाजवळ नाही, बंद खोलीत नाही, उघड्यावर थोडा वेळ, आणि शेजारी कोणीतरी पाहिजे. मग संध्याकाळचा फोन ओट्यावर व्हायला लागला आणि मी शेजारी असायला लागले. अम्मा खिडकीपासून दारापर्यंत आली, दारापासून जिन्यापर्यंत. एक दिवस तिने वॉकर दाखवलाच नाही, हातात काठी होती. काका फोन बंद झाल्यावर उठून ओट्यावरच येरझारा घालत राहिले.

दिवाळीच्या आधी अम्मा परत आली. हैदराबादला मन लागेना, आणि आता चालता येत होतं. मुलाने कामाला पूर्ण वेळची बाई लावून दिली. गाडीतून उतरून अम्मा काठी टेकत उभी राहिली आणि भुरव्याने काय केलं ते मला सांगता येणार नाही. भुंकला नाही. तिच्या पायांवर पडला आणि लहान मूल रडतं तसा आवाज काढत राहिला. गल्लीतल्या बायकांनी पदराने डोळे पुसले. काका त्यांच्या फाटकात उभे होते. थोड्या वेळाने आत गेले आणि भुरव्याची थाळी, दोर, कंगवा अम्माच्या ओट्यावर नेऊन ठेवला.

काकांचे हात स्वच्छ झाले. इतके स्वच्छ मी कधी पाहिले नव्हते. गोळ्या बंद, पेपर वाचताना झोप नाही. येणारे जाणारे म्हणायचे, सुटलात काका. काका हव म्हणायचे. पण सकाळी लवकर उठून ते फाटकाशी येऊन उभे राहायचे आणि कशासाठी आलो ते विसरल्यासारखे परत आत जायचे. भिंतीपलीकडे भुरवा कुठे सरकला तरी त्यांची मान तिकडे वळायची. एकदा मी त्यांना म्हटलं की जाऊन बसा ना अम्माकडे थोडा वेळ. म्हणाले, "काय म्हणून जाऊ? आता माझं काय काम आहे तिथं?"

मग एका संध्याकाळी मी कामावरून येत होते तर अम्मा काठीवर भार देऊन काकांच्या फाटकात उभी. दुसऱ्या हातात भुरव्याचा दोर. काकांना सांगत होती, की मी चालते पण मला हा ओढतो, मी परत पडेन. कामवाली त्याला घाबरते. तेव्हा संध्याकाळी याला फिरवून आणायचं आणि आल्यावर माझ्या ओट्यावर चहा घ्यायचा. नाही म्हणायचं काही कारण नाही. "खुजली तो तुमको हे नहीं," ती म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडत होते, त्यांनी मान हलवली. अगदी थोडी.

"हव, अम्मा," ते म्हणाले आणि दोर घेतला.

आता रोज संध्याकाळी ते भुरव्याला घेऊन तलावापर्यंत जातात. निघायच्या आधी गोळी घेतात, मला खिडकीतून डबी दाखवतात. आल्यावर अम्माच्या ओट्यावर बसतात, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणं लावलेली. समोर राहायला आलेल्या नवीन जोडप्याला अम्मा परवा सांगत होती, की हे आमचे गार्ड बाबू, माणूस चांगला आहे पण भारी नाटकी, माझ्या कुत्र्याने म्हणे यांना खाज सुटायची, पायजमा वर करकरून दाखवायचे, आणि शेवटी स्वतःच कबूल झाले की सगळं खोटं होतं. ते जोडपं हसलं. काकाही हसले. बाहीच्या कडेशी, मनगटावर, एक लाल गांध वर येत होती. त्यांनी ती झाकली.

अम्माने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.